सनद कोणाची? ऐकीव कथा, विश्वासार्ह साक्षीदार आणि उत्तर कोकणातील इस्लामी ज्ञानपरंपरा

१. जव्हार संस्थानाच्या स्थापनेची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. मुकणे घराण्याच्या मूळपुरुषाने तेथील वारली प्रमुखाकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. होकार मिळताच त्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि त्यांच्या वेढ्यात अवघा डोंगरी मुलूख सामावून घेतला. 🧵

२. कथा चटकदार आहे. परंतु हीच कथा उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीच्या डिडो राणीविषयीही सांगितली जाते आणि ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. हे साम्य इंग्रज गॅझेटियरकारांच्याही नजरेतून सुटले नाही. मग जव्हारची कथा प्रथम कोणी सांगितली? त्याने ती कोणाकडून ऐकली? या प्रश्नांना उत्तर नाही. म्हणूनच अभ्यासक तिला आख्यायिका म्हणतात, पुरावा म्हणत नाहीत.

३. राज्याच्या उगमाविषयी अशी संदिग्धता परवडते. प्रश्न उपासनेचा, विवाहाचा किंवा वारसाहक्काचा असेल तर? चुकीच्या माणसावर ठेवलेला विश्वास तेथे श्रद्धावंताचा इहलोक आणि परलोक दोन्ही बिघडवू शकतो. इस्लामच्या पहिल्या काही शतकांतील विद्वानांपुढे नेमका हाच पेच उभा होता.

४. इ.स. ६३२ मध्ये पैगंबर मुहंमद यांचे निधन झाले. कुराणाची संहिता पुढील काही दशकांत लेखनबद्ध झाली. परंतु नमाज कशी पढावी, व्यवहार कसा करावा, यांचा तपशील मुख्यतः पैगंबरांच्या उक्ती आणि कृतींच्या कथनांत, म्हणजे हदीसमध्ये होता. ही कथने अनुयायांच्या मुखातून मदिना, कूफा, बसरा, दमास्कस अशा नगरांत पसरली. ६५६ नंतर यादवी माजली, पक्ष पडले आणि पैगंबरांच्या नावावर बनावट वचनेही फिरू लागली. काही राजकीय लाभासाठी रचली गेली, तर काही केवळ लोकांना सन्मार्गाला लावण्याच्या सद्हेतूने.

५. या संकटावर विद्वानांनी शोधलेला उपाय म्हणजे ‘इस्नाद’. प्रत्येक कथनाआधी साक्षीदारांची साखळी सांगायची: ‘मला अमुकाने सांगितले, त्याला तमुकाने…’ आणि असे करत मूळ श्रोत्यापर्यंत पोहोचायचे. या साखळीला ‘सनद’ असेही म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द इनाम-वतनांच्या कागदांतून परिचित आहे. अरबी धातूचा अर्थ टेकणे, आधार घेणे. ज्याला आधार नाही, ते वचन प्रमाण नाही.

६. साखळी सांगणे पुरेसे नव्हते. तिची प्रत्येक कडी तपासली जाई. हे दोघे समकालीन होते का? त्यांची भेट संभवनीय होती का? कथन करणारा सचोटीचा होता का? त्याची स्मृती पक्की होती का? सचोटी आणि अचूकता हे दोन स्वतंत्र निकष होते. माणूस कितीही धर्मशील असो, त्याची स्मृती कच्ची असेल तर त्याची साक्ष दुबळी ठरे. इमाम बुखारी यांचे गुरू अली इब्न अल-मदिनी यांनी स्वतःच्या वडिलांनाच कथनाच्या बाबतीत दुर्बल ठरवले होते, असे चरित्रकार सांगतात.

७. या छाननीतून सहीह, हसन, जईफ आणि मौजू, म्हणजे अस्सल, ग्राह्य, दुर्बल आणि बनावट अशी प्रतवारी घडली. बुखारी (मृत्यू ८७०) आणि मुस्लिम (मृत्यू ८७५) यांचे संग्रह सुन्नी परंपरेत सर्वाधिक विश्वसनीय मानले गेले. शिया परंपरेचे संग्रह वेगळे आहेत, कारण कोणत्या साक्षीदारावर विसंबावे याचे तिचे उत्तर वेगळे आहे.

८. ही पद्धत निर्दोष होती काय? १९५० मध्ये जोसेफ शाख्त यांनी असा युक्तिवाद केला की अनेक साखळ्या नंतरच्या काळात मागे मागे वाढवत नेल्या गेल्या. हॅराल्ड मोत्स्की यांनी पुढे तपशीलवार अभ्यासातून या निष्कर्षाला आव्हान दिले. वाद अद्याप मिटलेला नाही.

९. ही विद्या कोकणात आली ती समुद्रमार्गे. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी मसूदी चौलला आला. अरब त्याला ‘सैमूर’ म्हणत. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो नोंदवतो. त्यांच्यात सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले होते, तसेच येथेच जन्मलेलेही. त्यांच्या व्यवहारांचा निवाडा करणाऱ्या प्रमुखाला ‘हुनरमन’ म्हणत. तो मुसलमान असे, परंतु त्याचा अधिकार स्थानिक राजाने दिलेला असे.

१०. याच काळातील एक महत्त्वाचा पुरावा आजच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडला. शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ च्या ताम्रपटानुसार राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण प्रदेशाचा कारभार ‘मधुमती’ नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता. ‘मधुमती’ हे ‘मुहंमद’चे संस्कृत रूप. एका मठाला दिलेल्या दानाला त्याची संमती असल्याचे हा ताम्रपट सांगतो.

११. समुद्राशी असलेल्या या नात्याची खूण आजही टिकून आहे. उत्तर भारतातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी पंथाचे. कोकणी मुसलमान मात्र प्रामुख्याने शाफई. कोणता ग्रंथ प्रमाण मानायचा, हे येथे दिल्लीच्या दरबाराने नव्हे, तर अरबस्तानाशी जोडणाऱ्या गलबतांनी ठरवले.

१२. या परंपरेचे शिखर म्हणजे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१). माहीमचे हे विद्वान नवायत कुळातील होते आणि त्यांनी काझीपद भूषवल्याचे सांगितले जाते. त्यांचे अरबी कुराणभाष्य दोन वैशिष्ट्यांमुळे ओळखले जाते. एक, आयतींमधील परस्परसंबंध उलगडण्याचा कटाक्ष. दुसरे, प्रत्येक सूरेच्या आरंभीच्या ‘बिस्मिल्लाह’चा त्या सूरेच्या आशयाला धरून केलेला वेगळा अर्थ.

१३. लोककथा सांगते की माहिमींना समुद्रकिनारी प्रत्यक्ष ख्वाजा खिज्र यांनी विद्या दिली. या कथेची साक्षीदारांच्या निकषावर परीक्षा करता येत नाही; भाष्याची मात्र ओळ न् ओळ तपासता येते. माहीमच्या दर्ग्यावर येणारा भाविक आणि ग्रंथ उघडून बसणारा अभ्यासक एकाच व्यक्तीकडे दोन वेगळ्या वाटांनी जातात.

१४. हस्तलिखितांच्या काळी ग्रंथ हाती असणे पुरेसे नसे. शिष्य तो गुरूसमोर वाचून दाखवी, गुरू चुका दुरुस्त करी आणि मगच ‘इजाजत’, म्हणजे पुढे शिकवण्याची अनुज्ञा मिळे. माहिमींचे समकालीन दमामिनी हे इजिप्तचे विद्वान गुजरातेत आले, त्यांनी बुखारींच्या संग्रहावरील आपली टीका सुलतान अहमदशहाला अर्पण केली आणि १४२४ मध्ये गुलबर्ग्यात देह ठेवला. ज्ञान ग्रंथांबरोबर माणसांसोबतही प्रवास करत होते, ते असे.

१५. एकोणिसाव्या शतकात छापखान्याने हे चित्र पालटले. माहिमींचे भाष्य हिजरी १२९५, म्हणजे १८७८ मध्ये कैरोजवळच्या बुलाक येथे छापले गेले. मुंबईत शिळाप्रेसवर धार्मिक पुस्तके मोठ्या संख्येने निघू लागली. गुरूविना ग्रंथ घरी आला. ज्ञान सुलभ झाले. मात्र वाचणाऱ्याची चूक दाखवणारा समोर राहिला नाही.

१६. त्याच सुमारास काझीचे पदही डळमळले. १८६४ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने काझी नेमणे थांबवले. मग खरा काझी कोण, आणि निकाह कोणाच्या नोंदीने सिद्ध व्हावा? तक्रारी वाढल्यावर १८८० चा काझी कायदा आला. स्थानिक मुसलमानांची मागणी असल्यास, त्यांच्यातील प्रमुखांशी विचारविनिमय करून सरकार काझी नेमू शकेल, अशी तरतूद झाली. पण त्याला न्यायदानाचा कोणताही अधिकार दिला गेला नाही. त्याच्या शब्दाला वजन येणार होते ते लोकांच्या विश्वासातून. तो विश्वास कोणावर ठेवायचा, हे पुन्हा समाजालाच ठरवायचे होते.

१७. महाराष्ट्राच्या इतिहासलेखनालाही हा प्रश्न चुकला नाही. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढणाऱ्या वि. का. राजवाडे यांनी बखरींतील घोळ दाखवून अस्सल समकालीन कागदपत्रांचा आग्रह धरला. लिहिणारा कोण, तो घटनेपासून किती दूर होता, त्याला माहिती कोठून मिळाली, हे त्यांचे प्रश्न हदीसच्या परीक्षकांना परके वाटले नसते.

१८. त्या परीक्षकांनी दुर्बल कथने जाळून टाकली नाहीत. शेरा मारून जपली. बगदादचे इब्न अल-जौजी (मृत्यू १२०१) यांनी तर बनावट हदीसांचाच स्वतंत्र संग्रह केला, जेणेकरून वाचकाला त्या ओळखता याव्यात. जव्हारच्या कातड्याच्या कथेलाही हाच न्याय लावता येतो. राज्य कसे स्थापन झाले याची साक्ष म्हणून ती दुर्बल आहे. परंतु हा मुलूख आधी वारल्यांचा होता आणि तो युक्तीने घेतला गेला, ही स्मृती लोकांनी जपली, एवढे ती सांगतेच. शेरा लिहावा आणि कथा जपून ठेवावी.