पाहणारा, गोळा करणारा आणि वाटणारा

मराठी माणसाच्या तोंडी सुपरवायझर, कलेक्टर, कंट्रोल आणि रेशन हे शब्द असे रुळले आहेत, की ते परके आहेत याची जाणीवही फारशी उरलेली नाही. खेड्यातील शेतकरी कलेक्टरकडे अर्ज करतो आणि त्याची कारभारीण कंट्रोलचा गहू निवडते. हे चारही शब्द कारभाराचे खरे. पण त्यांचा मूळ अर्थ एक नव्हे. सुपरवायझर म्हणजे वरून पाहणारा. कलेक्टर म्हणजे गोळा करणारा. जुन्या फ्रेंच कचेऱ्यांत मूळ नोंदवही ताडून पाहण्यासाठी जी दुसरी वही ठेवीत, तिच्या नावावरून कंट्रोल हा शब्द निघाला. तर रेशनच्या मुळाशी लॅटिन भाषेतील हिशेब आहे. पाहणे, गोळा करणे, ताडून पाहणे आणि हिशेबाने वाटणे या चार क्रियांपैकी कोणती आधी आली व कोणती शेवटी, याचा शोध घेऊ गेल्यास कलकत्त्याचा, म्हणजे आजच्या कोलकात्याचा, पावणेदोनशे वर्षांचा इतिहास समोर उभा राहतो.

१२ ऑगस्ट १७६५ रोजी बादशहा शाहआलम याने बंगाल, बिहार आणि ओरिसा या प्रांतांची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला बहाल केली. वसुलीचा हक्क हाती आला, पण मुलूख ओळखीचा नव्हता. तेव्हा प्रत्यक्ष काम काही काळ मुहम्मद रझाखान आणि शिताबराय या एतद्देशीय नायबांकडेच राहिले. १७६९ मध्ये गव्हर्नर व्हेरेल्स्ट याने जिल्ह्याजिल्ह्यांतून इंग्रज सुपरवायझर नेमण्याचे ठरविले. प्रांताचा पूर्वेतिहास, जमिनीचा सारा, पीकपाणी, व्यापार आणि न्यायदान या साऱ्यांची त्यांनी पाहणी करावयाची होती. जुलमापासून रयतेचे रक्षण करावे, असेही त्यांना बजावण्यात आले होते. कागदावर तरी हे हुकूम निर्दोष होते.

परंतु त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि बंगालवर तो भयंकर दुष्काळ कोसळला. बंगाली सन ११७६ वरून तेथील लोक त्याला ‘छियात्तरेर मन्वंतर’ म्हणतात. प्रांतातील निदान तिसरा हिस्सा माणसे मेली असावीत, असा वॉरन हेस्टिंग्जचा अंदाज होता. सुपरवायझरांनी पाहिले आणि वरिष्ठांना कळविले. पण पाहणाऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार नव्हता. जी सूट आणि जी मदत मिळाली, ती संकटाच्या मानाने नगण्य होती. उलट वसुलीचे आकडे पाहिले म्हणजे मन थक्क होते. १७६८-६९ साली सुमारे १ कोटी ५२ लक्ष रुपये वसूल झाले होते. दुष्काळानंतर, १७७१-७२ साली, हा आकडा १ कोटी ५७ लक्षांवर गेला. माणसे कमी झाली आणि वसूल वाढला! हे कसे घडले, याचे एक कारण हेस्टिंग्जनेच नोंदवून ठेवले आहे. ‘नाजाई’ नावाची एक पट्टी होती. शेजारी मेला किंवा गाव सोडून पळाला, तर त्याच्या वाट्याची तूट मागे उरलेल्यांकडून भरून घ्यावयाची, असा तिचा अर्थ. जो जगला, त्याला मेलेल्याचा सारा भरावा लागला.

अशा स्थितीत १७७२ मध्ये कंपनीने दिवाणीचा कारभार उघडपणे आपल्या हाती घेतला. खजिन्याची मुख्य कचेरी मुर्शिदाबादहून कलकत्त्यास आली आणि जिल्ह्यांतील सुपरवायझरांना कलेक्टर हे नवे नाव मिळाले. माणसे पुष्कळदा तीच होती. बदलला तो शब्द. ‘पाहणारा’ आता ‘गोळा करणारा’ झाला, आणि कंपनीला या अधिकाऱ्याकडून मुख्यतः काय हवे होते, ते त्या नावाने स्पष्ट केले. पुढच्याच वर्षी हे कलेक्टर परत बोलावण्याचे ठरले. पण १७८६ पासून ते पद जिल्ह्यांत पक्के बसले. दरम्यान, १७८४ च्या कायद्याने कंपनीच्या कारभारावर नजर ठेवण्यासाठी लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ स्थापन झाले. तूर्त हा शब्द सरकारदरबारच्या उंचीवरच होता. स्वयंपाकघरात उतरावयास त्याला अजून दीडशेहून अधिक वर्षे लागावयाची होती.

कंपनीच्या तरुण कारकुनांसाठी बांधलेल्या रायटर्स बिल्डिंगमधून या शब्दांचा प्रसार झाला. येथील फोर्ट विल्यम कॉलेजात या तरुणांना देशी भाषा शिकवीत, आणि त्यांत मराठीही होती. विल्यम कॅरी याने पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने रचलेले मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले. १८१० मध्ये मोडी लिपीतील शब्दकोश निघाला. १७९६ मध्ये कलकत्त्यास उतरलेला असाच एक तरुण रायटर म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होय. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर पुणे, अहमदनगर आणि खानदेश येथे त्याच्या हाताखाली कलेक्टर बसले. मामलेदाराचे जुने नाव त्याने राहू दिले; पण मामलेदाराच्या डोक्यावर आता बंगालमधून आलेला शब्द होता.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास होरपळून निघाल्यावर सरकारने १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल घेतला आणि पुढे प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता तयार केल्या. दुष्काळाची लक्षणे दिसताच कलेक्टराने कामे काढावीत आणि दुर्बलांना अन्न द्यावे, असे त्यांत नमूद झाले. पाहणे आणि देणे यांची सांगड नियमाने घातली गेली. मात्र एक अट होती: दुष्काळ पडला आहे, असे सरकारने आधी जाहीर करावयास हवे होते.

१९४३ साली बंगालमध्ये नेमके हेच घडले नाही. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला होता. मिदनापूरवर १९४२ च्या ऑक्टोबरात वादळ आदळले होते. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून पूर्व बंगालच्या नावा सरकारने काढून घेतल्या होत्या. नागरी पुरवठ्याचे खाते होते. पण कारखान्यांतील कामगारांना धान्य मिळण्याची सोय प्रथम झाली, कारण युद्धकाळात ते ‘आवश्यक’ ठरले. तांदळाच्या किंमतीवरील कंट्रोल मार्च १९४३ मध्ये उठला आणि भाव भडकले. ज्यांनी भात पिकविले, तेच खेडूत कलकत्त्याच्या रस्त्यांवर भाताची पेज मागत फिरू लागले. त्यांच्यासाठी लंगरखाने उघडले. पण त्यांना शहराबाहेर नेण्यासाठी जो वटहुकूम निघाला, त्यात त्यांचे नाव ‘निराधार’ असे होते, ‘दुष्काळग्रस्त’ असे नव्हते. संहितेप्रमाणे दुष्काळ अखेरपर्यंत जाहीर झालाच नाही. जाहीर केला असता, तर ठरलेला शिधा देण्याची जबाबदारी अंगावर आली असती. वूडहेड आयोगाने मृतांची संख्या १५ लक्ष धरली. पुढील संशोधकांनी ती ३० लक्षांच्या घरात नेली. मुंबईत मे १९४३ मध्येच रेशनिंग सुरू झाले होते. कलकत्त्यात ते ३१ जानेवारी १९४४ रोजी आले. वाटण्याचा शब्द सर्वांत शेवटी आला, तोही मुख्यतः शहरापुरता.

धान्य देशात असणे वेगळे आणि ते मिळविण्याचे सामर्थ्य माणसाच्या हाती असणे वेगळे, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात याच दुष्काळाच्या आधारे दाखवून दिले. या दोहोंमधले अंतर तोडणे हेच कारभाराचे खरे काम होय.

मराठीने या शब्दांना आपली रूपे दिली आहेत. कलेक्टर हा जिल्हाधिकारी झाला आणि ‘गोळा करणारा’ हा अर्थ त्याच्या नावातून तरी गळाला. रेशन कार्डाला शिधापत्रिका म्हटले गेले, आणि यात भाषेने मोठेच औचित्य साधले. हिशेबाची जागा शिध्याने घेतली. आणि शिधा म्हणजे दारी आलेल्याला मानाने द्यावयाचे कोरडे अन्न. २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा झाला आणि कोट्यवधी माणसांच्या बाबतीत हा शिधा मेहरबानी न राहता हक्क ठरला. योगायोग असा, की त्याच वर्षी राज्य सरकारचा मुख्य कारभार रायटर्स बिल्डिंगमधून हुगळीपलीकडे, हावड्यास गेला. कचेरीचा पत्ता बदलला. पण पाहणाऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार आहे की नाही, हा १७६९ चा प्रश्न मात्र प्रत्येक कचेरीच्या दाराशी आजही उभा आहे.