लाल बावट्याचे शाहीर

श्रोतेहो, लातूरहून बार्शी काही लांब नाही; पूर्वी मधून छोटी रेल्वे धावे. त्या बार्शीत १९१६ साली मेहबूब हुसेन पटेल जन्मले. हेच पुढे शाहीर अमर शेख. १९४४ साली अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले.

तमाशाचा गण म्हणजे गणपतीचे स्तवन, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक. अण्णा भाऊंनी तिथे मायभूमीला नि हुतात्म्यांना वंदन घातले. गवळण तर काढूनच टाकली. सोंगे कुणाची? गिरणी कामगाराची, सावकाराची, शेटजीची! हे सरकारला झोंबले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने पथकाच्या खेळांवर बंदी आणली. तमाशाला बंदी काय? मग हे लोकनाट्य! नाव बदलले, डफ तोच.

१९५६ च्या नोव्हेंबरात नांदेडसह आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. पण संयुक्त महाराष्ट्राचे भिजत घोंगडे तसेच होते. तेव्हा सभांतून अमर शेखांचा खडा आवाज घुमे. पुढाऱ्यांच्या भाषणांहून या डफाने अधिक माणसे जागी केली, असे मला वाटते. १ मे १९६० ला राज्य झाले.

१८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ गेले. पुढे दीड महिनाही लोटला नाही, तोच २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले.