केनियाच्या बायकांची रोपवाटिका

पावसाळा सुरू झाला की गावोगाव झाडं लावायचे कार्यक्रम होतात. आपल्या देशात ही प्रथा तशी जुनी. 1950 साली केंद्रातले मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलै महिना म्हणजे झाडं लावायचा महिना. पण आपण सगळ्याजणी जाणतो की रोप लावायला दहा मिनिटं लागतात आणि जगवायला तीन उन्हाळे. कितीतरी गावांत मागच्या वर्षीच्या खड्ड्यातच यंदाचं रोप जातं. मग रोप जगवायचं शिक्षण कुणी कुणाला द्यायचं? या प्रश्नाचं एक उत्तर समुद्रापलीकडच्या बायकांनी दिलं. आज आम्ही त्यांचा इतिहास सांगणार आहोत.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर जो समुद्र दिसतो, त्याच्या पलीकडच्या काठाला आफ्रिकेतला केनिया देश आहे. 1963 पर्यंत तिथं इंग्रजांचं राज्य होतं. डोंगराळ भागातली चांगली जमीन गोऱ्या मळेवाल्यांनी घेतली. जुनं रान तोडून चहा-कॉफीचे मळे केले, सरकारी जंगलात लाकडासाठी पाइन आणि निलगिरी लावली. स्वातंत्र्य आलं तरी हे थांबलं नाही. रोकड मिळते म्हणून लहान शेतकऱ्यांनीही झाडं काढून चहा-कॉफी लावली.

या डोंगराळ भागात, न्येरी जिल्ह्यातल्या इहिथे गावात, 1940 साली वांगारी माथाई जन्मल्या. शेतकऱ्याची मुलगी. त्यांच्या घराजवळ एक मोठं मुगुमोचं झाड होतं. मुगुमो म्हणजे आपल्या वडा-उंबराच्या कुळातलं झाड. आई सांगायची, याचं सरपण आणायचं नाही, हे देवाचं झाड आहे. झाडाजवळच झरा होता आणि त्यात बेडकांची अंडी मोत्यांसारखी दिसायची. पुढे वांगारी शिकायला अमेरिकेत गेल्या. परतल्या तेव्हा जमीन दुसऱ्याकडे गेली होती. चहाला जागा हवी म्हणून नव्या मालकानं झाड तोडलं होतं आणि झराही आटला होता. या झाडाची मुळं खोल जातात, खडकातून वाट काढतात आणि पाणी जमिनीत मुरायला, वर यायला वाट देतात, हे त्यांना तेव्हा उमगलं. आईच्या सांगण्यात नुसती श्रद्धा नव्हती, पाण्याची राखणही होती. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

वांगारी 1971 साली डॉक्टरेट झाल्या. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांचा विषय जनावरांची शरीररचना. गोचिडांमुळे गुरांना होणाऱ्या रोगाच्या अभ्यासासाठी त्या खेड्यात फिरल्या, तेव्हा गुरांच्या फासळ्या दिसत होत्या आणि पावसात नद्या लाल मातीनं भरून वाहत होत्या. त्याच सुमारास त्या केनियाच्या राष्ट्रीय महिला परिषदेत काम करू लागल्या. तिथं खेड्यातल्या बाया सांगत होत्या: सरपण मिळत नाही, पाणी लांब गेलं, जनावरांना चारा नाही, पोरांच्या पोटात धड अन्न नाही. जिथं पैशाची पिकं चांगली येत होती, त्याच भागात मुलं कुपोषित होती. कारण चुलीपाशी होतं. जळण नाही म्हणून कडधान्य, कंदमुळं शिजवणं परवडेना. मग विकतचा पाव आणि पटकन होणारं मैद्याचं अन्न मुलांच्या ताटात आलं. म्हणजे झाड गेलं आणि त्याच्यामागोमाग ताटातलं कसही गेलं.

वांगारींनी ठरवलं, झाडं लावू. पहिला प्रयत्न फसला. 1976 साली कॅनडातल्या एका परिषदेहून त्या परतल्या, तर रोपवाटिकेतली बहुतेक रोपं पाण्यावाचून वाळली होती. पण 5 जून 1977 रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, महिला परिषदेच्या वतीनं नैरोबीतल्या कामुकुंजी बागेत सात झाडं लावली गेली. तिथून जी चळवळ निघाली तिचं नाव पडलं ग्रीन बेल्ट मूव्हमेंट, म्हणजे हरित पट्टा चळवळ. झाडं सुटी सुटी न लावता हजारभर झाडांची सलग रांग लावायची, असा तो पट्टा.

त्या वेळी केनियाची लोकसंख्या दीड कोटीच्या आसपास होती. माणशी एक झाड, म्हणून वांगारींनी वनखात्याकडे दीड कोटी रोपं मागितली. वनाधिकारी हसले आणि म्हणाले, हवी तेवढी फुकट न्या. वर्ष उलटायच्या आत त्यांनीच निरोप धाडला, आता पैसे द्यावे लागतील. बायकांनी एवढी रोपं उचलली होती!

मग बायकांनी स्वतःच रोपं तयार करायचं ठरवलं. शिकवायला वनखात्याचे लोक बोलावले. ते आले आणि जमिनीचा उतार, उन्हाची दिशा, वाफ्याची खोली, खडीचं प्रमाण, खास अवजारं असं सांगू लागले. बाया गोंधळल्या. ज्या बाया पिढ्यानपिढ्या बी राखतात, वाफा करतात, पेरतात, त्यांनाच वाटू लागलं की हे आपल्याला जमणार नाही.

इथं या इतिहासाला वळण मिळालं. वांगारींनी बायकांना सांगितलं की मका आणि शेंगा लावताना जे डोकं वापरता तेच वापरा. रानात बघा, बी कुठलं पडतं, कधी उगवतं. बायकांनी आसपासच्या झाडांचं बी गोळा केलं. फुटक्या मडक्यांत माती भरून रोपं केली आणि कोंबड्या-शेळ्यांच्या तोंडी लागू नयेत म्हणून ती उंचावर ठेवली. एका गटाला जे साधलं ते दुसऱ्या गटाला दाखवलं. शिकलेली बाई पुढच्या बाईची गुरू झाली. वनखात्याचे लोक म्हणत, या कामाला पदवी हवी. या बाया पदवीवाचूनच वनतज्ज्ञ झाल्या.

पण नुसत्या उत्साहावर काम सोडलं नव्हतं. पद्धत ठरलेली होती. आधी गट करायचा, पाण्याजवळ रोपवाटिकेची जागा बघायची, गावाला कळवायचं. ज्यांना रोपं हवीत त्यांनी आधी खड्डे खणायचे, गटानं जाऊन ते बघायचे आणि मगच रोप द्यायचं. लावल्यावर काही काळानं पुन्हा शेतावर जाऊन किती जगली ते मोजायचं. जगलेल्या प्रत्येक रोपामागे बाईला चार अमेरिकी सेंट मिळायचे. रक्कम अगदी थोडी, पण अनेकींसाठी स्वतःच्या हातात आलेला तो पहिला पैसा होता. मेलेल्या रोपाचे पैसे नाहीत, त्यामुळे नजर खड्ड्यावर नाही तर पानावर राहिली. लिहिता न येणाऱ्या बायकांच्या गटांत नोंदी ठेवायला घरातली तरुण मुलं पुढे आली आणि पुरुषांचाही कामाकडे बघायचा सूर बदलला.

पुढे शिक्षणाचा विषय वाढला. गटांच्या शिबिरांत बायकांना त्यांच्या अडचणी सांगायला लावत, मग त्या कशामुळे आल्या ते विचारत. सुरुवातीला सगळा दोष सरकारवर जायचा. बोलता बोलता ध्यानात यायचं की उतारावरचं झाड आपणही तोडलं, ओढ्याकाठी आपणही नांगर घातला. आणि हेही कळायचं की सार्वजनिक जमीन कुणाला द्यायची हे ठरवताना आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. 1986 पासून आफ्रिकेतल्या पंधरा देशांतले लोक हे काम शिकायला केनियात आले.

1989 साली या शिकवणुकीची परीक्षा झाली. नैरोबीच्या मध्यावर उहुरू पार्क नावाची मोठी बाग आहे. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. गोरगरीब माणसं सुटीला पोरांना घेऊन तिथं जातात. सत्ताधारी पक्षानं त्या बागेत साठ मजली इमारत आणि राष्ट्राध्यक्ष मोई यांचा पुतळा उभारायचं ठरवलं. वांगारींनी पत्रामागून पत्र लिहून विरोध केला. संसदेत त्यांची टिंगल झाली, नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई म्हणून बोल लावले गेले. चळवळीला सरकारी जागेतलं कार्यालय सोडावं लागलं, तेव्हा सगळं सामान वांगारींच्या घरी आलं. पण बाहेरून पैसा देणारे मागे हटले आणि बेत बारगळला. बाग आजही आहे. 1999 साली नैरोबीजवळच्या करूरा जंगलाची जमीन खासगी लोकांना वाटली जात होती. तिथं रोप लावायला गेल्यावर वांगारींच्या डोक्याला मार बसला, तरी त्या मागे सरल्या नाहीत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सार्वजनिक जमिनींच्या वाटपावर बंदी आली.

2004 साली वांगारी माथाईंना शांततेचं नोबेल मिळालं. आफ्रिकेतल्या बाईला मिळालेलं हे शांततेचं पहिलं नोबेल. तोवर चळवळीनं सुमारे तीन कोटी झाडं लावली होती. बातमी कळली तेव्हा त्या न्येरीत होत्या. त्यांनी तिथंच गुडघ्यावर बसून एक झाड लावलं, नांदी फ्लेम नावाचं. हे झाड आपल्याकडे शहरांतल्या रस्त्यांकडेला दिसतं. लालभडक फुलांचं, ज्याच्या कळ्या दाबून मुलं पाणी उडवतात ते पिचकारीचं झाड. ते मूळचं आफ्रिकेतलं. 2011 साली वांगारी गेल्या. आपल्यासाठी झाड तोडू नये म्हणून लाकडी पेटी नको, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. जलपर्णी, लव्हाळं आणि बांबूच्या पेटीतून त्यांना निरोप दिला गेला.

मैत्रिणींनो, केनियाच्या बाया आपल्याच चिपको आंदोलनाच्या काळातल्या. 1974 साली उत्तराखंडच्या रेणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणी झाडांसाठी उभ्या राहिल्या, त्यानंतर तीन वर्षांनी या पट्ट्यांना सुरुवात झाली. रेणीच्या बायकांनी उभं रान वाचवलं, केनियाच्या बायकांनी गेलेलं रान परत उगवलं. दोन्हींची गरज आपल्याकडे आहे.

आपल्यातल्या कितीतरी जणी नर्सरीत पिशव्या भरायला जातात. तिथं आपल्याला मजूर म्हणून बोलावतात आणि हजेरी भरलेल्या पिशव्यांवर लागते. कुठलं बी आपल्या माळावर तगतं, हे आपल्याला कुणी विचारत नाही. गटाच्या येत्या बैठकीत एवढं करून बघू. मागच्या पावसाळ्यात गावात लावलेल्या झाडांची जागेवर जाऊन मोजणी करू, किती लावली आणि आज किती उभी आहेत. दोन्ही आकडे वहीत लिहू आणि ग्रामसभेत वाचून दाखवू. पुढच्या पावसाळ्यासाठी बी कुठल्या झाडाचं घ्यायचं, ते गटातल्या वयस्कर बायांना विचारून आत्ताच ठरवू. करंज, कडुनिंब, उंबर, जांभूळ, ज्या गावाला जे मानवेल ते. आणि रोपं मागायला कुणी आलं, तर आधी खड्डा दाखवायला सांगू.