विमान झेंडा बदलते, वैमानिकाने काय करावे?

मुंबईहून लंडनला विमान नेणाऱ्या भारतीय कॅप्टनला हीथ्रोवर कुणी परीक्षेला बसवत नाही. त्याचे भारतीय लायसन्स ब्रिटिश आकाशात चालते आणि वाटेतल्या सगळ्या देशांवरूनही चालते. पण तोच कॅप्टन उद्या एखाद्या ब्रिटिश कंपनीत नोकरीला लागला, की विमान तेच बोइंग ७८७, धावपट्टी तीच आणि मार्गही तोच असला तरी त्याचे लायसन्स अपुरे ठरते. मग नव्याने मेडिकल, नव्याने थिअरीचे पेपर, नव्याने चाचणी, आणि या सगळ्याची फी त्याच्याच खिशातून. वैमानिकांच्या जगात याला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात, आणि ते कुणी आनंदाने करत नाही. सरकारी खाक्याचा नमुना म्हणून त्याच्याकडे बघायची सवय आहे, पण ते निदान अपुरे वाटते. कन्व्हर्जनचा त्रास एखाद्या कारकुनाच्या आडमुठेपणातून आलेला नाही. तो शंभर वर्षांपूर्वी झालेल्या एका निवडीतून आला आहे. त्या वेळी राष्ट्रांनी वैमानिकाचे कौशल्य त्याच्या नावाशी न जोडता विमानाच्या शेपटीवरच्या झेंड्याशी जोडले. पुढे विमानांच्या मालकांसाठी ती गाठ सैल केली गेली. वैमानिकासाठी मात्र ती तशीच घट्ट राहिली.

ही निवड होण्याआधी, आणि तिचा अंमल सगळीकडे बसेपर्यंत, परिस्थिती वेगळी होती. सुरुवातीचे परवाने सरकारे देतच नव्हती, हौशी क्लब देत होते. १९०५ साली स्थापन झालेल्या ‘फेदेरास्यों एरोनोतिक आंतरनास्योनाल’ या संस्थेने, म्हणजे एफएआयने, चाचणीचा एक सामाईक साचा ठरवला होता: आठच्या आकड्यासारख्या घिरट्या घालायच्या आणि ठरवलेल्या जागेपासून ५० मीटरच्या आत विमान उतरवायचे. फ्रान्सच्या क्लबाने दिलेला परवाना इंग्लंडचा क्लब मानायचा, इंग्लंडचा इटलीत चालायचा. या व्यवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बेसी कोलमन. ती कृष्णवर्णीय होती आणि स्त्री होती, म्हणून अमेरिकेतल्या उड्डाणशाळांनी तिला दारात उभेही केले नाही. ती फ्रेंच शिकली, फ्रान्समध्ये ल क्रोतुआ इथल्या कोद्रों बंधूंच्या शाळेत गेली आणि जून १९२१ मध्ये तिने एफएआयचा परवाना मिळवला. मायदेशी परतून ती त्याच परवान्यावर हवाई कसरती करत राहिली. परदेशी परवाना ‘कन्व्हर्ट’ करण्याचा प्रश्नच आला नाही, कारण अमेरिकेत वैमानिकांना परवाना देणारा केंद्रीय कायदाच तेव्हा नव्हता. तो १९२६ चा. भारतातही क्लबांचा हा जमाना दिसतो. फेब्रुवारी १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटांना मिळालेला क्रमांक १ चा परवाना ‘एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा’चा होता, आणि ते विमान चालवायला शिकले ते १९२८ साली सुरू झालेल्या जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात.

मात्र या मोकळेपणाचे फार कौतुक करू नये. आठचा आकडा काढता येणे म्हणजे दोनशे प्रवाशांना पावसाळी रात्री सुखरूप उतरवता येणे नव्हे. शिवाय पहिल्या महायुद्धात विमानाने बॉम्ब टाकून दाखवले होते, त्यामुळे डोक्यावरचे आकाश कुणाचे हा प्रश्न कुठल्याच सरकारला हौशी क्लबांवर सोडवेना. ऑक्टोबर १९१९ मध्ये पॅरिसला जो करार झाला, त्याच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरच्या आकाशाचे संपूर्ण स्वामित्व दिले. वैमानिकांचा विषय त्यापाठोपाठ आला, तोही याच सुरात. आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानातल्या वैमानिकाचे प्रमाणपत्र त्या विमानाच्या राष्ट्राने दिलेले किंवा वैध ठरवलेले असावे, आणि मग इतर राष्ट्रांनी ते मानावे, असे ठरले. आपल्याच नागरिकाने परक्या देशाकडून परवाना आणला, तर आपल्या आकाशापुरता तो नाकारण्याचा अधिकारही प्रत्येक राष्ट्राने राखून ठेवला. ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारात हीच तरतूद ३२ व्या कलमात जवळपास जशीच्या तशी उतरली. आज १९३ देश त्या कराराने बांधलेले आहेत आणि भारतीय कॅप्टन लंडनला बिनदिक्कत उतरतो तो त्याच्याच जोरावर. कॅप्टनचे लायसन्स भारतीय आणि विमानही भारतीय. अशी जोडी जुळली, की जग खुले होते.

या तरतुदीमागचे चित्र लक्षात घेतले, की पुढचा गुंता समजतो. १९१९ किंवा १९४४ साली करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जहाजासारखे विमान होते, ज्याचे राष्ट्र, मालक आणि खलाशी सगळे एकाच ठिकाणचे. सीमा ओलांडायची ती विमानाने, आणि वैमानिक त्याच्याबरोबर जायचा. वैमानिक एकटाच, विमानाशिवाय, दुसऱ्या झेंड्याखाली कामाला जाईल, हा विचार त्या कलमांत कुठेच नाही. ३३ व्या कलमाने परस्पर मान्यतेची अट घातली ती किमान दर्जाची, आणि तो दर्जा एप्रिल १९४८ मध्ये स्वीकारलेल्या पहिल्या परिशिष्टाने ठरवला. पण ‘किमान’ या शब्दातच पुढच्या सगळ्या पेपरांची सोय होती. ज्याला हवे त्याने त्याहून जास्त मागावे, आणि आपला नियम वेगळा असेल तर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेला, म्हणजे इकाओला, तसे कळवून मोकळे व्हावे. शिवाय परक्याचे लायसन्स वैध ठरवणे हे दुसऱ्या राष्ट्रावर बंधनकारक नाही. ते त्याच्या मर्जीवर आहे. भारतात ही मर्जी १९३७ च्या विमान नियमांतल्या ४५ व्या नियमात नोंदलेली आहे.

मर्जी कशी चालते ते आपल्याकडेच दिसले. २००३ ते २००६ या तीनचार वर्षांत एअर डेक्कन, किंगफिशर, स्पाइसजेट, इंडिगो अशा कंपन्या एकामागून एक उतरल्या. विमाने मागवता आली, पण कॅप्टन मागवून दोन वर्षांत तयार होत नाही. तेव्हा परदेशी वैमानिकांना ‘फाटा’ नावाची तात्पुरती परवानगी देऊन इथे उडू दिले गेले. पुढे परदेशात लाखो रुपये खर्चून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचे लायसन्स, घेऊन आलेली भारतीय मुले बेकार बसू लागली, तेव्हा हीच परवानगी बंद करण्याची मुदत जाहीर झाली. आणि ती मुदत पुढे ढकलली गेली, एकदा नव्हे, अनेकदा. त्या परदेशी कॅप्टनचे कौशल्य या काळात वाढले नाही की घटले नाही. बदलली ती देशातली कॅप्टनची टंचाई. चीननेही भरभराटीच्या काळात बाहेरचे कॅप्टन मोठ्या पगारावर घेतले. कोविडमध्ये त्यातल्या अनेकांना परतीची वाट धरावी लागली. कन्व्हर्जनचे दार किती उघडायचे, याचा दोर नोकरीच्या बाजाराच्या हातात असतो, हे यावरून दिसते.

यावर गंभीर आक्षेप आहे, आणि तो सुरक्षेचा. प्रत्येक देशाची हवा, नियम, रेडिओवरची भाषा वेगळी. तेव्हा नव्याने तपासणी नको का? नको असे कोण म्हणेल! १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ एकमेकांवर आदळले आणि ३४९ जण गेले. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली उतरले होते, आणि संभाषणातली इंग्रजीची अडचण चौकशीत ठळकपणे पुढे आली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी इंग्रजीच्या पातळ्या ठरल्या आणि किमान चौथी पातळी सक्तीची झाली. पण या सुधारणेचे स्वरूप पाहा. ती सगळ्या देशांसाठी एकदम झाली, आणि वैमानिक नोकरी बदलतो की नाही याच्याशी तिचा संबंध नव्हता. ते कझाक विमान कझाक झेंड्याचे आणि वैमानिकही कझाक. कन्व्हर्जनचे कितीही पेपर असते तरी त्यांची गाठ या वैमानिकांशी पडलीच नसती. सुरक्षेची खरी कमाई सामाईक दर्जा उंचावण्यात झाली, दारावरच्या दुहेरी परीक्षेत नव्हे.

आक्षेपाचे दुसरे टोक अधिक धारदार आहे: कागदावरचा दर्जा सारखा असला, तरी कागद खरा आहे कशावरून? इथे पाकिस्तानचे उदाहरण टाळता येत नाही. २५ ऑक्टोबर १९८५ रोजी एमिरेट्सचे पहिले विमान दुबईहून कराचीला गेले, तेव्हा विमाने पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सकडून, म्हणजे पीआयएकडून, वैमानिकांसकट भाड्याने घेतलेली होती. एका नवख्या कंपनीने पाकिस्तानी कॅप्टनांच्या भरवशावर धंदा सुरू करावा, एवढा त्या लायसन्सचा मान होता. पस्तीस वर्षांनी, मे २०२० मध्ये कराचीत पीआयएचे विमान कोसळले, आणि पुढच्या महिन्यात त्या देशाच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगितले, की ८६० पैकी २६२ वैमानिकांची लायसन्स संशयास्पद आहेत. व्हिएतनाम, मलेशियासारख्या देशांनी पाकिस्तानी लायसन्सवर उडणाऱ्यांना तडकाफडकी खाली बसवले. युरोपने पीआयएची परवानगी थांबवली ती थेट नोव्हेंबर २०२४ पर्यंत. नंतरच्या तपासात त्या यादीतली बरीच नावे निर्दोष ठरली, पण तोवर प्रामाणिक वैमानिकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. हुंडी वटते ती लिहिणाऱ्या पेढीच्या पतीवर. पेढी बुडाली, की हुंडीधारकाचा सच्चेपणा कामाला येत नाही. आपण फार नाक वर करू नये. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स मिळवल्याची प्रकरणे भारतातही उघड झाली, आणि जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेने डीजीसीए या आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या देखरेखीत, विशेषतः निरीक्षकांच्या संख्येत, उणीव काढून भारताला खालच्या श्रेणीत टाकले. वरची श्रेणी परत मिळायला एप्रिल २०१५ उजाडले.

तेव्हा पडताळणी हवी, आणि ती कडक हवी, हे मान्य. पण कराची प्रकरणाने जे मागितले, ते होते गुणपत्रिका आणि लॉगबुक मूळ कार्यालयाकडून तपासून घेणे. उमेदवाराला पुन्हा हवामानशास्त्र लिहायला बसवल्याने लॉगबुकातले खोटे तास खरे होत नाहीत. या दोन गोष्टी एकच असल्यासारखी त्यांची सरमिसळ केली जाते, आणि ब्रेक्झिटने ती उघडी पाडली. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्रीपर्यंत ब्रिटिश लायसन्स युरोपातल्या कुठल्याही देशाच्या विमानाला चालत होते, कारण परीक्षा, अभ्यासक्रम आणि मेडिकल सगळे एकाच युरोपीय नियमावलीतले होते. १ जानेवारीला ते परके झाले. ज्यांनी आधीच आपले लायसन्स आयर्लंड किंवा ऑस्ट्रियासारख्या देशात हलवले, ते सुटले. जे राहिले, त्यांना युरोपीय झेंड्याचे विमान चालवायचे तर पूर्वी पास केलेलेच तेरा विषय पुन्हा द्यायचे होते. ब्रिटनने युरोपीय लायसन्सना दोन वर्षांची सवलत दिली, युरोपने तशी दिली नाही. एका रात्रीत कुणाचे ज्ञान बदलले नव्हते, कुणाच्या सचोटीवर शंका नव्हती, सगळ्या नोंदीही हाताशी होत्या. सुरक्षेचे कारण या उदाहरणाला कसे लावायचे, ते मला तरी उमगत नाही.

आणि हे अटळ आहे असेही नाही, कारण ३२ वे कलम एकदा वाकवले गेले आहे. विमाने विकत घेण्याऐवजी भाड्याने घेण्याची पद्धत वाढली, तेव्हा एक अडचण उभी राहिली. विमान नोंदलेले एका देशात, चालवणारी कंपनी दुसऱ्या देशातली. मग वैमानिकांची लायसन्स कुठली? कलमाप्रमाणे नोंदणी करणाऱ्या देशाने ती द्यायची किंवा वैध ठरवायची, म्हणजे भाड्याच्या प्रत्येक व्यवहारामागे शेकडो लायसन्सचा खटाटोप. यावर १९८० साली शिकागो करारात ‘८३ बिस’ हे कलम जोडले गेले. नोंदणी करणाऱ्या देशाने आपली ही जबाबदारी कंपनीच्या देशाकडे सोपवावी, अशी वाट त्याने करून दिली. १९९७ पासून ते लागू आहे. २००१ च्या केपटाउन करारात तर भाडे थकल्यास विमान परत नेण्याची सोय झाली. विमानाचा झेंडा बदलणे आज काही दिवसांच्या कागदपत्रांचे काम आहे. भांडवलाला सीमा अडवू लागली, तेव्हा राष्ट्रांनी सार्वभौमत्वाला थोडी मुरड घातली. तशी मुरड वैमानिकासाठी घालता येते, हे युरोपीय संघाने आपल्या सदस्यांपुरते करून दाखवले, आणि सामाईक नियमावली असलेल्या देशांच्या गटांना लायसन्स आपोआप वैध मानण्याची मुभा इकाओने आता पहिल्या परिशिष्टातच दिली आहे. अडते ते देशांनी अशी सामाईक नियमावली करण्यापाशी.

भारताने या बाबतीत पुढाकार घ्यावा, कारण नुकसान आपलेच अधिक आहे. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंडहून सीपीएल घेऊन आलेल्या मुलाला इथे एअर रेग्युलेशन्स, नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र पुन्हा लिहावे लागते. आणि गोंदिया किंवा बारामतीत शिकलेला भारतीय वैमानिक युरोपात गेला, तर त्यालाही तेरा पेपर चुकत नाहीत. एअर रेग्युलेशन्सचा पेपर समजू शकतो, कारण कायदा देशागणिक वेगळा असतो. पण न्यूझीलंडमध्ये घातलेला नॅव्हिगेशनचा हिशेब नागपूरवर चुकत नाही. नोंदींची पडताळणी सरकारांनी एकमेकांशी थेट करावी, ती दुप्पट कडक करावी, आणि ज्या देशांशी ती जमते त्यांच्या थिअरीचे पेपर माफ करावेत. तोवर, परदेशी फ्लाइंग शिकायला मुलाला पाठवणाऱ्यांनी शाळेची फी विचारण्याआधी पुढे कोणत्या देशात नोंदलेले विमान चालवायचे ते ठरवावे, डीजीसीएची क्लास वन मेडिकल इथेच करून घ्यावी, आणि लॉगबुकवर शाळेची सही-शिक्का घेतल्याशिवाय तो देश सोडू नये.