पांढुर्णा-सौंसरच्या मराठीची तब्येत कशावरून ओळखायची?

मंडळी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमारीला लोटणारी गर्दी पाहिली, की बाहेरगावचा पाहुणा म्हणतो, "तुमच्याकडं मराठीपण अजून जोरात आहे बुवा!" गणपती आहे, भजनी मंडळं आहेत, वरूड-काटोलकडच्या सोयरिकी आहेत. पण गर्दीवरून समाजाची तब्येत कळते का?

थोडं मागं जाऊ. आपला मुलूख आधी देवगडच्या गोंड राजांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा, मग इंग्रजांच्या मध्य प्रांताचा. राजधानी नागपूर. जुन्या मध्य प्रदेशात १९५० च्या कायद्यानं हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र अख्खा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्या दक्षिण टोकाची आपली दोन तहसिलंही त्याच्यासोबत राहिली. माणसं, संत्र्याच्या बागा, सोयरे जागच्या जागी. कचेरीची भाषा तेवढी बदलली.

अशा सीमेवरच्या लोकांसाठी सरकारनं मापं ठरवली होती. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेचं माप असं: शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं मातृभाषेची असली, तर त्या भाषेचा मास्तर द्यायचा. १९५६ मध्ये घटनेत कलम ३५० क आलं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यासाठी. त्याच वर्षी असंही ठरलं, की एखाद्या भागात अल्पसंख्य भाषेचे लोक १५-२० टक्के असले, तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही छापाव्या.

आता या मापांची गंमत बघा. टक्केवारी हद्दीवर ठरते. २०११ ला छिंदवाडा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख. त्यात आपण म्हणजे पातेलंभर वरणात चमचाभर तूप. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, आणि मराठीचा टक्का एका दिवसात वाढला. घरात एक शब्दही जास्तीचा बोलला गेला नव्हता!

जनगणनेचा आकडाही असाच. तिथं मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. साठीतले आजोबा नातवाशी दिवसभर हिंदीत बोलले, तरी त्यांची नोंद मराठीच, आणि नियमानं ती बरोबरच. म्हणजे त्या नोंदीत दिसते ती त्यांच्या आईची साठ वर्षांपूर्वीची मेहनत. आजची घसरण तिथं उमटायला एक पिढी जाते. तोवर हजेरीपटावर दहाची नऊ होतात, मास्तर जातो, मग उरलेले नऊही दुसरीकडं जातात.

जोशुआ फिशमन नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं १९९१ मध्ये जगभरच्या अशा भाषांचा हिशेब मांडला. त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर: घरातले मोठे लहानांशी त्या भाषेत बोलतात का? युनेस्कोच्या तज्ज्ञांनी २००३ मध्ये नऊ कसोट्या दिल्या, त्यातही पहिली हीच. शाळा, मंडळ, उत्सव यांचा आधार मोठा आहे. पण घरातून भाषा आलीच नाही, तर ते तरी सांभाळणार काय?

आपल्या पिढीनं शाळेत हिंदी आणि घरात वऱ्हाडी असं दोन्ही सहज निभावलं. हिंदी आली म्हणून मराठी गेली नाही, कारण चुलीजवळ आई मराठीतच रागवत होती.

२०२७ ची जनगणना तोंडावर आहे. मातृभाषेच्या रकान्यात मराठी अवश्य सांगा. पण त्याआधी एवढं पाहा: तुमच्या घरातली लेकरं एकमेकांशी कोणत्या भाषेत भांडतात? नागपूर, भोपाळ, पुणे, कुठंही असा, खरं खरं लिहा. आकडा त्यातूनच निघेल.