सेबर भारी की नॅट? १९६५च्या आकाशातली २२ दिवसांची लढाई

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा ज्यांचं नेटवर्क बोगद्यात गेलं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग.

लहानपणी ट्रम्प कार्ड खेळला असालच. माझ्याकडे लढाऊ विमानांचा सेट होता. "स्पीड!" असं ओरडायचं, ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. विषय संपला. मोठे झालो तरी आपली सवय गेलेली नाही. दोन फोन घ्यायचे, रॅम आणि बॅटरी शेजारी शेजारी मांडायची आणि निकाल द्यायचा. विमानांचंही आपण तेच करतो. मी इंजिनिअर माणूस, मलाही आकडे आवडतात. म्हणून १९६५च्या भारत-पाकिस्तान युद्धाचे पत्ते आज टेबलावर मांडूया, आणि बघूया ते कुठपर्यंत चालतात.

सुरुवात १ सप्टेंबर १९६५ पासून. पाकिस्तानचे रणगाडे छांबमधून अखनूरच्या दिशेने निघाले होते. अखनूर पडलं असतं तर जम्मू-पूंछ रस्ता तुटला असता. हवाई दलाचे प्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग दुपारी संरक्षणमंत्र्यांकडे गेले. संरक्षणमंत्री कोण? आपल्या कराडचे यशवंतराव चव्हाण. यशवंतरावांनी तिथल्या तिथे परवानगी दिली आणि साधारण तासाभरात पठाणकोटहून विमानं उडाली.

पण उडाली ती कोणती? व्हॅम्पायर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डिझाइन झालेलं, कॉकपिटभोवतीच्या भागात लाकूड वापरलेलं विमान. समोर होती पाकिस्तानची सेबर जेट. त्या एका संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर गेली. त्यानंतर ही जुनी विमानं आघाडीवरून मागे घेण्यात आली. म्हणजे पहिल्या दिवशी ट्रम्प कार्डचा नियम अगदी बरोबर निघाला. मशीन जुनं असेल तर त्याची किंमत वैमानिक मोजतो, हे विसरून चालणार नाही.

आता मुख्य पत्ते बघा.

पाकिस्तानकडे एफ-८६ सेबर. अमेरिकन बनावटीचं, कोरियन युद्धात नाव कमावलेलं. नाकाजवळ अर्ध्या इंच व्यासाच्या सहा मशीनगन. साधारण चौथ्या हिश्शाच्या सेबरवर साइडवाइंडर क्षेपणास्त्र बसवता यायचं, म्हणजे समोरच्या इंजिनाच्या उष्णतेमागे धावणारं. त्याशिवाय हुकमाचा एक्का होता एफ-१०४ स्टारफायटर. आवाजाच्या दुप्पट वेग! अशी जेमतेम डझनभर विमानं त्यांच्याकडे होती.

भारताकडे ब्रिटिश हंटर आणि फ्रेंच मिस्टेअर. मिग-२१ नुकतीच आली होती, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली दोन ६ सप्टेंबरला पठाणकोटवरच्या हल्ल्यात जमिनीवरच जळाली. आणि मग आपला छोटू, नॅट. पंखांचा विस्तार सात मीटरपेक्षाही कमी. ब्रिटनने स्वतः हे विमान फक्त वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरलं. आपण मात्र ते बंगळुरूला एचएएलमध्ये बनवलं आणि लढाईला पाठवलं.

३ सप्टेंबरला सापळा लावला गेला. मिस्टेअर विमानं उंचावरून उडवली, पाकिस्तानी रडारला दिसतील अशी. रडारखालून, जमिनीला चिकटून नॅट गेली. आमिष दिसताच सेबर आल्या आणि खालून नॅट वर आली. एवढंसं विमान आकाशात दिसायलाच कठीण, त्यात वळायला आणि वर चढायला चपळ. स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी एका सेबरला टिपलं. देशभर जल्लोष झाला, कीलर यांना वीरचक्र मिळालं आणि पुढे नॅटला 'सेबर स्लेयर' हे नाव चिकटलं.

आता यातल्या दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. एक, ती सेबर पडली नव्हती. फ्लाइट लेफ्टनंट युसूफ अली खान यांनी फाटक्या शेपटीसह ती तळावर परत नेऊन उतरवली. कीलर खोटं बोलले नव्हते. त्यांना दिसलं तेच त्यांनी सांगितलं. पण डॉगफाइटमध्ये समोरचं विमान धूर सोडत खाली गेलं की त्याच्या मागे जाऊन खात्री करायला कुणाला वेळ असतो? दुसरी गोष्ट, त्याच दिवशी आपलं एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं आणि वैमानिक युद्धकैदी झाले. पाकिस्तान म्हणतं, आमच्या स्टारफायटरला बघून शरण आले. आपली बाजू म्हणते, विमानात बिघाड होता, इंधन संपत आलं होतं. ते नॅट आजही कराचीच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. नॅटचा पराक्रम आणि नॅटची नामुष्की, दोन्ही एकाच तारखेला.

आता ६ सप्टेंबरची संध्याकाळ, पंजाबमधला हलवारा तळ. पाकिस्तानचे स्क्वाड्रन लीडर सरफराज रफीकी तीन सेबर घेऊन आले. तळावर आपली दोन हंटर गस्त घालत होती, वैमानिक पी. एस. पिंगळे आणि आदी गांधी. रफीकींनी पिंगळ्यांचं हंटर पाडलं. पिंगळे पॅराशूटने वाचले. मग रफीकींच्या गन बंद पडल्या. त्यांनी नेतृत्व सहकारी सेसिल चौधरींकडे दिलं आणि स्वतः त्यांची पाठराखण करत राहिले. गोळी सुटत नसताना! चौधरींनी गांधींचं हंटर पाडलं, गांधीही वाचले. तेवढ्यात राठोड आणि नेब यांची हंटर पोहोचली. नेब यांचं तर ऑपरेशनल प्रशिक्षणही पूर्ण झालं नव्हतं. दोघांनी एकेक सेबर पाडली. रफीकी आणि युनूस हुसेन मारले गेले, चौधरी एकटे परतले.

स्कोअर काढायचा तर दोन-दोन. पण रफीकींच्या बंद पडलेल्या गन कुठल्या कॉलममध्ये लिहिणार? आणि पिंगळ्यांची गोष्ट तिथे संपत नाही. बरोबर दहा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, ते पुन्हा हंटरमध्ये होते. त्या झुंजीत त्यांचे सहकारी फारोख बुनशा यांना पाकिस्तानचे प्रसिद्ध वैमानिक एम. एम. आलम यांनी पाडलं, बुनशा गेले. पिंगळ्यांनी आलम यांच्या साथीदाराची सेबर पाडली. ज्या विमानाने दहा दिवसांपूर्वी आपल्याला आकाशातून फेकलं, त्याच्यासमोर पुन्हा जायचं. ही हिंमत पत्त्यावर छापता येत नाही.

हेच आलम ७ सप्टेंबरला सरगोध्यावर एका मिनिटाच्या आत पाच हंटर पाडल्याचा दावा करून पाकिस्तानचे हीरो झाले. भारतीय नोंदी पाचचा आकडा मान्य करत नाहीत. सीमेपलीकडच्या मुलाने एक आकडा पाठ केलाय, आपण दुसरा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा एपिसोड केला.

तीच ७ सप्टेंबरची पहाट. आदमपूरहून मिस्टेअरची तुकडी सरगोध्यावर हल्ल्यासाठी निघाली, नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांचं. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या, कोडगूचे, वय ३२, राखीव होते. कुणी गळालं तर त्याची जागा घ्यायची, एवढंच काम. ते तुकडीत गेले. परतीच्या वाटेवर एका स्टारफायटरने त्यांना गाठलं. वैमानिक होते अमजद हुसेन.

पत्ते मांडा. स्टारफायटरचा वेग ताशी दोन हजार किलोमीटरच्या वर, मिस्टेअरचा साधारण अकराशे. खेळ संपला ना? पण स्टारफायटरचे पंख अगदी तोकडे. तो सरळ रेषेत वाऱ्यासारखा पळतो, वळायचं म्हटलं की त्याला प्रचंड मोठा घेर लागतो. बुलेट ट्रेन पेठेच्या गल्लीत घातल्यासारखं. अमजद यांनी गोळ्या झाडल्या, मिस्टेअरला लागल्या. तरी देवय्या पळाले नाहीत, उलटे वळले. अमजद वेग कमी करून त्यांच्याशी वळणांच्या झुंजीत उतरले आणि तिथेच हुकमाच्या एक्क्याची किंमत कमी झाली. मिस्टेअरच्या गोळ्यांनी स्टारफायटर पडला. अमजद पॅराशूटने उतरले. देवय्या परत आले नाहीत.

हवाई दलाच्या कागदावर त्यांच्यापुढे लागलं 'बेपत्ता'. कारण शत्रूचं विमान पाडल्याचा पुरावा म्हणजे गन कॅमेऱ्याची फिल्म किंवा सोबत्याची साक्ष. फिल्म विमानाबरोबर गेली, बघायला सोबती कुणी नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर घटना घडली, पण लॉग आपल्या सर्व्हरवर आलाच नाही. तो समोरच्याच्या सर्व्हरवर होता. १९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचं पाकिस्तानी हवाई दलावरचं पुस्तक आलं. त्यात होतं की तो स्टारफायटर एका मिस्टेअरने पाडला होता. मग इकडे शोध सुरू झाला, तो मिस्टेअर कुणाचा? उत्तर देवय्यांपाशी येऊन थांबलं. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. २३ वर्षांनी. इतकी वर्षं त्यांच्या घरच्यांकडे फक्त 'बेपत्ता' हा एक शब्द होता.

विचार करा, ही साक्ष दिली कुणी? शत्रूच्या नोंदींनी. आपण फक्त आपलाच स्कोअरबोर्ड बघत बसलो असतो, तर आपलाच माणूस आपल्याला सापडला नसता.

तर सेबर भारी की नॅट? माझं उत्तर असं: उंची कोणती, वेग किती, इंधन किती उरलंय, गन चालतेय का आणि कॉकपिटमध्ये कोण बसलंय, हे आधी सांगा. व्हॅम्पायरच्या चार वैमानिकांसाठी मशीनच सगळं काही होतं. देवय्यांनी त्याच मशीनचा हिशेब उलटवला. दोन्ही खरं आहे.

पुढच्या वेळी एखादा व्हिडिओ 'आम्ही इतकी पाडली' असं ओरडून सांगेल, तेव्हा समोरची बाजू काय सांगते तेही एकदा शोधून बघा. त्यात देशद्रोह वगैरे काही नाही. कदाचित तिथे आपलाच एखादा देवय्या सापडेल.

एपिसोड आवडला तर त्या मित्राला पाठवा, ज्याच्याशी तुम्ही ट्रम्प कार्डवरून भांडला होतात. भेटू पुढच्या भागात.