रोख पगाराची नव्वद वर्षं

घरात बाळ येणार असलं, किंवा भारतातून आलेले आईवडील सहा महिने राहून परत निघाले, की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला मोठ्याने विचारला जातो: ‘कुणी चांगल्या मावशी माहीत आहेत का?’ दुसरा जरा आवाज खाली आणून: ‘कॅशच घेतात ना?’ पहिल्याचं उत्तर मंडळातलं कुणीही देईल. दुसऱ्या प्रश्नाला आवाज खाली का येतो, याची गोष्ट अमेरिकेच्या इतिहासात आहे, आणि ती 14 ऑगस्ट 1935 पासून सांगावी लागते.

त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटीच्या कायद्यावर सही केली. महामंदीचे दिवस होते. कल्पना साधी होती: कामगाराच्या पगारातून थोडे पैसे कापायचे, मालकाने तेवढेच घालायचे, आणि म्हातारपणी त्यातून दरमहा पेन्शन द्यायची. मात्र दोन मोठे गट या छत्रीबाहेर ठेवले गेले, शेतमजूर आणि घरकाम करणारे. अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथाऊ यांचं म्हणणं असं की, घरोघर फिरून इतक्या बारीक रकमा गोळा करणं सरकारला झेपणार नाही. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या खासदारांना, आपल्या शेतावरचे आणि स्वयंपाकघरातले कृष्णवर्णीय मजूर सरकारी पेन्शनच्या आधाराने मान वर करतील, हे नको होतं. यातलं खरं कारण कोणतं यावर इतिहासकार अजून भांडतात. परिणामावर मात्र वाद नाही: देशातल्या निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय कामगारांना या कायद्याचा काही उपयोग नव्हता. एनएएसीपी या संस्थेचे वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी सिनेटच्या समितीपुढे हे विधेयक म्हणजे चाळणी आहे, आणि तिची भोकं नेमकी आमची माणसं खाली पडतील एवढीच पाडली आहेत, अशा अर्थाची साक्ष दिली होती.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ‘द क्रायसिस’ या मासिकात एला बेकर आणि मार्व्हल कुक या दोघींचा एक लेख आला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सकाळी रस्त्याच्या कोपऱ्यावर कृष्णवर्णीय बायका कामाचे कपडे कागदी पिशवीत घालून उभ्या राहत. घरमालकिणी येत, हातापायांकडे बघत, घासाघीस करून तासाच्या बोलीवर एकेकीला घेऊन जात. तासाला 30 सेंट मिळाले तर नशीब. या दोघी स्वतः त्या बायकांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी लिहिलेल्या फसवणुकीच्या तऱ्हांपैकी एक मला विसरता येत नाही. बाईला सहा तासांसाठी आणायचं आणि ती कामात असताना भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे सरकवायचे. संध्याकाळी हातावर जे काही टेकवलं जाई, त्याची ना पावती ना वही. भांडायचं तर कशाच्या आधारावर?

या बायकांचा आणखी एक ‘पगार’ होता, त्याला डॉलरची गरजच नव्हती. दक्षिणेत मालकिणीच्या घरचं उरलंसुरलं अन्न भांड्यात घालून घरी न्यायची रीत होती. जुने कपडेही मिळत. आपल्याला हे नवीन नाही. शिळंपाकं, जुनी साडी, दिवाळीचा फराळ आणि पोस्त या सगळ्यात माया असतेच, नसते असं मी म्हणणार नाही. पण त्या मायेचा हिशेब पगारातून वळता होतो, हे देणारीला सोयीने दिसत नाही आणि घेणारीला बोलता येत नाही.

म्हणूनच 1950 च्या दुरुस्तीतला एक शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षी घरकाम करणाऱ्यांना पहिल्यांदा सोशल सिक्युरिटीत घेतलं गेलं, अंमल 1 जानेवारी 1951 पासून. अट अशी की, एका घरातून तिमाहीत किमान 50 डॉलर मिळायला हवेत, तेही ‘कॅश’मध्ये. आज आपण कॅश म्हणजे नोंद नसलेला पैसा समजतो. कायद्यातला अर्थ वेगळा आहे, आणि आजही तोच आहे: चेकसुद्धा त्यात कॅशच. जेवण, कपडे, राहायची खोली हे मात्र त्यात नाही. म्हणजे कितीही साड्या दिल्यात तरी पेन्शनच्या खात्यात त्याचं शून्य.

यावर टेक्सासमधल्या मार्शल गावच्या गृहिणींनी बंड पुकारलं. आमच्या बायांच्या पगारातून सरकारसाठी पैसे कापायला आम्ही काय सरकारचे फुकटचे वसुली कारकून आहोत, असा त्यांचा सवाल होता. प्रकरण कोर्टात गेलं. हा फॉर्म भरायला लावणं म्हणजे आमच्यावर लादलेली वेठबिगारी आहे, असाही एक मुद्दा त्यांच्या बाजूने मांडला गेला. त्यासाठी आधार घेतला गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा! ज्या बायकांच्या पेन्शनबद्दल हे चाललं होतं, त्यांतल्या अनेकींच्या आज्या गुलामीत जन्मल्या असतील. 1953 मध्ये अपिलाच्या कोर्टाने हा दावा फेटाळला.

पुढची वीस वर्षं भराभर सांगतो. अटलांटात डोरोथी बोल्डन यांनी 1968 मध्ये घरकामगारांची संघटना बांधली. बसमधून कामाला जाणाऱ्या बायकांना बसमध्येच गाठून त्यांनी सभासद केलं. शर्ली चिझम यांच्यासारख्या खासदारांनी रेटा लावल्यावर 1974 मध्ये किमान वेतनाचा कायदा घरकामालाही लागू झाला. कागदावर सगळं झालं. घरोघरी मात्र पाकीट तसंच चालू राहिलं, कारण तिमाहीला 50 डॉलर ही मर्यादा 1951 पासून कुणी हलवलीच नाही. महागाई वाढत गेली आणि दर शनिवारी मुलं सांभाळायला येणारी शेजारची शाळकरी मुलगीसुद्धा कायद्याने ‘कर्मचारी’ ठरू लागली. जो कायदा पाळणं हास्यास्पद वाटतं, तो मोडताना कुणाला अपराधी वाटत नाही. दबक्या आवाजातला ‘कॅश ना?’ त्या काळात घरोघरी मुरला.

आणि मग 1993 चा जानेवारी. बिल क्लिंटन यांनी झोई बेअर्ड यांना अ‍ॅटर्नी जनरल पदासाठी निवडलं होतं. त्या पदावरची पहिली स्त्री त्या ठरणार होत्या. पण त्यांनी पेरूच्या एका जोडप्याला कामाची परवानगी नसताना घरी ठेवलं होतं आणि त्यांचे सोशल सिक्युरिटीचे पैसे वेळेवर भरले नव्हते, हे पुढे आलं. नाव मागे घ्यावं लागलं. दोन आठवड्यांत दुसऱ्या उमेदवार, न्यायाधीश किंबा वुड, यांनाही बाजूला व्हावं लागलं. त्यांनी कर भरले होते, आणि कागदपत्रं नसलेल्या माणसाला कामावर ठेवायला बंदी घालणारा 1986 चा कायदा यायच्या आधीच त्यांनी आपली बाई ठेवली होती. म्हणजे त्यांनी कायदा मोडलाच नव्हता. शेवटी ज्या जॅनेट रिनो यांना ते पद मिळालं, त्यांना मुलंबाळं नव्हती. तोवर होऊन गेलेल्या पुरुष अ‍ॅटर्नी जनरलांना ‘तुमची मुलं कोण सांभाळतं?’ हा प्रश्न कधी पडला नव्हता, ही गोष्ट तेव्हाही अनेक स्त्रियांनी बोलून दाखवली. आपल्याकडच्या दुसऱ्या पिढीतल्या, करिअर आणि पाळणा एकत्र चालवणाऱ्या मुलींनी हे प्रकरण जरूर वाचावं.

त्या गदारोळातून 1994 चा कायदा आला. तिमाहीला 50 ऐवजी वर्षाला 1,000 डॉलर अशी मर्यादा झाली, शाळकरी बेबीसिटर सुटल्या, आणि दर तिमाहीच्या फॉर्मऐवजी वर्षातून एकदा आपल्याच टॅक्स रिटर्नला शेड्यूल एच जोडणं पुरू लागलं. ही मर्यादा आता वाढत राहते. 2025 साठी ती 2,800 डॉलर होती. एखाद्या घराने वर्षाला त्याहून कमी दिले तर हे कर लागत नाहीत. तेवढे किंवा जास्त दिले तर मालकाचे 7.65 टक्के आणि कामगाराचे 7.65 टक्के. वर्षाला 10,000 डॉलर पगार असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून 1,530 डॉलर. बेकारी विम्याचा कर वेगळा, आणि राज्याचे नियम वेगळे. न्यूयॉर्कने 2010 मध्ये घरकामगारांच्या हक्कांचा कायदा केला. न्यू जर्सीचा तसा कायदा जुलै 2024 पासून लागू आहे आणि त्यात लेखी करारही आला.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. ‘आम्ही झेलने देतो, त्यामुळे सगळं व्हाइट आहे’ असं पुष्कळांना वाटतं. झेल किंवा बँक ट्रान्सफर म्हणजे फक्त पैसे पोचल्याचा पुरावा. त्यातून सोशल सिक्युरिटीच्या दफ्तरी एक ओळही आपोआप लिहिली जात नाही. उलट, नोटा मोजून दिल्या, तिची सही असलेली वही ठेवली, जानेवारी अखेर तिला डब्ल्यू-2 दिला आणि शेड्यूल एच भरलं, तर ती रोख रक्कम पूर्णपणे कायदेशीर आहे. प्रश्न नोटांचा नाही, नोंदीचा आहे. मात्र ट्रान्सफरचा एक फायदा खरा: घड्याळाचे काटे मागे सरकवता येतात, बँकेची तारीख सरकवता येत नाही.

मग मावशी स्वतःच कॅश का मागतात? याची उत्तरं पुण्यामुंबईतून कळतात. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. भांडण होतं पगाराचं, खाड्याचं, हक्काच्या सुटीचं, दिवाळीच्या बोनसचं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला. पण 8 नोव्हेंबर 2016 नंतर, नोटाबंदीच्या आठवड्यांत, कामवाल्या बायकांच्या हातात पगार म्हणून जुन्या पाचशेच्या नोटा आल्या आणि त्या बदलायला रांगेत उभं राहून खाडेही झाले. बँकेबद्दल त्यांच्या मनात प्रेम का नाही, हे समजून घ्यायला हवं. शिवाय आता पैसे फोनवर जातात, आणि तो फोन कधी नवऱ्याच्या तर कधी मुलाच्या हातात असतो. तांदळाच्या डब्यातली नोट तिची स्वतःची असते. रोखीच्या बाजूचा यापेक्षा प्रामाणिक युक्तिवाद मला माहीत नाही.

इथे आलेल्या बायकांचं गणित मात्र निराळं आहे, आणि त्या परक्या नाहीत. आपल्या घरी पोळ्या करायला किंवा बाळाला सांभाळायला येणाऱ्या मावशी बहुतेकदा मुलाने किंवा भावाने ग्रीन कार्डवर बोलावलेल्या, पन्नाशी उलटलेल्या बाई असतात. तुमच्यामाझ्या आईच्या वयाच्या. सोशल सिक्युरिटीची पेन्शन आणि विनाप्रीमियम मेडिकेअर पार्ट ए स्वतःच्या कामावर मिळवायचं तर 40 क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त 4, म्हणजे दहा वर्षं. 2025 मध्ये चार क्रेडिटसाठी 7,240 डॉलरची नोंद लागत होती, आठवड्याला साधारण 140 डॉलर. बावन्नाव्या वर्षी आलेल्या बाईंना बासष्टाव्या वर्षी हे जमू शकतं. नोंद नसेल, नवऱ्याच्या कामाचाही आधार नसेल, तर पासष्टीनंतर आणि ग्रीन कार्डवर पाच वर्षं झाल्यावर पार्ट ए विकत घ्यावं लागतं. 2025 चा पूर्ण दर महिन्याला 518 डॉलर होता. दहा वर्षं आपल्या पोरांना वरणभात भरवलेल्या बाईंना हा आकडा कोण सांगणार?

आणि 1994 च्या सुधारणेत एक फट राहिली, तिच्यात नेमक्या याच मावशी सापडतात. पाच घरी जाणाऱ्या बाईला प्रत्येक घराने वर्षाला 2,500 डॉलर दिले, तर तिची कमाई 12,500 होते, पण कुठलंच घर 2025 च्या 2,800 ला पोचत नाही. सगळे कायद्यात बसतात, आणि तिची एकही क्रेडिट होत नाही. मर्यादा वाढवताना मालकांची अडचण पाहिली गेली, घरोघर हिंडणाऱ्या बाईची नाही. यावर एक साधा मार्ग आहे: पाचांऐवजी दोन-तीन घरांनी जास्त तास घ्यावेत, पोळ्यांबरोबर भाजीही त्यांच्याकडेच द्यावी. जी बाई स्वतःच्या घरी पोळ्या लाटून डब्यातून विकते, तिची गोष्ट वेगळी. तो तिचा धंदा. वर्षाला 400 डॉलर निव्वळ नफ्यापासून ती स्वतःच कर भरून क्रेडिट मिळवू शकते.

शेवटी एक कामाची गोष्ट. सोशल सिक्युरिटीच्या वेबसाइटवर प्रत्येकाला आपलं खातं उघडून वर्षागणिक कमाईची नोंद बघता येते. मावशींना इंग्रजीचा कंटाळा असेल तर आपल्या कॉलेजातल्या मुलामुलींनी दिवाळीच्या सुटीत अर्धा तास त्यांच्याशेजारी बसून ते पान उघडून द्यावं. एखाद्या वर्षापुढे शून्य दिसलं, तर ते दुरुस्त करायला सर्वसाधारणपणे त्या वर्षानंतर 3 वर्षं, 3 महिने आणि 15 दिवस मिळतात.